बापाकडे व्हॅलिडिटी असताना पोरीला परत पहिल्यापासून का?

बारावीचा निकाल लागला की आमच्या नात्यागोत्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात, किती टक्के पडले आणि व्हॅलिडिटी झाली का. पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं, दुसऱ्याचं मिळेपर्यंत कधी कधी डिग्री संपते.

ज्यांना याच्याशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो, कारण ऑफिसमधल्या बऱ्याच जणांना वाटतं की तहसीलला गेलं, पन्नास-शंभर रुपये भरले, जातीचा दाखला घेतला की झालं. तसं नसतं. प्रांतसाहेबांच्या सहीचा दाखला ही फक्त सुरुवात. तो दाखला खरा आहे का हे तपासायला वेगळी समिती असते, तिला सगळे जात पडताळणी समिती म्हणतात, तिनं दाखला तपासून वैध ठरवला की मिळतं ते वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आपली व्हॅलिडिटी. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, नर्सिंगला राखीव जागेवर ॲडमिशन घ्यायची, राखीव जागेवर नोकरी लागली, सरपंचाच्या राखीव जागेला उभं राहायचं, सगळीकडे हीच लागते. नसेल तर नुसता प्रांतांचा दाखला ठराविक मुदतीपुरता चालवून घेतात, मुदत संपली की सीट गेली.

आम्ही महादेव कोळी, अहिल्यानगर (जुना नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगराळ डांगाण पट्ट्यातले. वडील तरुणपणी पुण्याजवळ भोसरीला एमआयडीसीत हेल्पर म्हणून आले आणि इथेच राहिले, त्यामुळे आमची पिढी इथल्याच महापालिकेच्या शाळेत शिकली, पण घर, दोन खाचरं आणि सगळे चुलते अजून गावाला. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, राखीव जागेवर नोकरी लागली तेव्हा त्याची पडताळणी झाली होती, समितीचं चौकशी करणारं दक्षता पथक गावाला जाऊन आलं होतं, शाळेचं रजिस्टर तपासून गेलं होतं आणि मग समितीनं त्याला व्हॅलिडिटी दिली. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढचा सगळा विषय यावरच आहे. त्याच दादाची मुलगी बारावीला गेली, तिची फाईल टाकली, बापाची व्हॅलिडिटी सगळ्यात वर लावली, आणि तरी तिला पहिल्यापासून सिद्ध करायला लावलं की ती महादेव कोळी आहे.

आता कुणी म्हणेल तपासणीच नको का. मी तसं अजिबात म्हणत नाहीये. बोगस लोकांबद्दल आमच्या भागात जेवढा राग आहे तेवढा दुसरीकडे कुठे नसेल, कारण सीट आमच्याच पोरांची जाते. राज्यात आदिवासींना ७ टक्के आरक्षण आहे, २०११ च्या जनगणनेत आमची संख्या एक कोटीच्या वर, साधारण ९.३५ टक्के, म्हणजे आधीच लोकसंख्येपेक्षा कमी जागा आणि त्यातही नामसाधर्म्याचा फायदा घेऊन दुसरेच घुसलेले. कोळी हा शब्द महाराष्ट्रात कितीतरी वेगवेगळ्या समाजांच्या नावात आहे, समुद्रावरचे आहेत, नदीकाठचे आहेत, त्यातल्या महादेव, मल्हार, ढोर, टोकरे अशा काहीच जमाती अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. तेच ठाकूर जमात आणि ठाकूर नावाचे इतर समाज यांचं, तेच हलबा आणि हलबा कोष्टी यांचं.

आणि आजच्या या पडताळणीच्या यंत्रणेचा साचा मुळी महादेव कोळी म्हणून केलेल्या एका दाव्यातून ठरलाय. १९९४ ची माधुरी पाटील केस, वकील लोक ती तोंडपाठ म्हणतात. मुंबईतल्या दोन बहिणी, महादेव कोळी म्हणून दाखले काढून वैद्यकीय शिक्षणाला ॲडमिशन घेतलेल्या, आणि वडिलांच्या शाळेच्या जुन्या नोंदीत लिहिलेलं हिंदू कोळी. समितीनं दावा नाकारला, अपिलात नाकारला, हायकोर्टात नाकारला, सुप्रीम कोर्टातही नाकारला, पण तोपर्यंत थोरलीचं एमबीबीएस संपत आलेलं होतं त्यामुळे तिला शेवटची परीक्षा देऊ दिली. कोर्टानं तेव्हा स्पष्ट म्हटलं की खोटे दावेदार केस लांबवत नेतात आणि मग शिक्षण पूर्ण झालं म्हणून सहानुभूती मागतात, त्यात खऱ्या आदिवासी मुलाची जागा कायमची जाते. म्हणून कोर्टानं १५ मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, तीन सदस्यांची समिती असावी, तिच्या हाताखाली पोलिस अधिकाऱ्यांचं दक्षता पथक असावं, त्यांनी गावाला जावं, शाळेचे रेकॉर्ड बघावे, आईवडिलांशी बोलावं, जमातीच्या चालीरीती, देवदेव, लग्नाचे मयताचे विधी विचारावेत. या चालीरीतींच्या चौकशीलाच ॲफिनिटी टेस्ट म्हणतात. नंतर राज्यानं याचा कायदा केला, २००१ चा कायदा क्रमांक २३, तो १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे. खोटा दाखला काढणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा, आणि मुद्दाम खोटा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यालाही तेवढीच. कायदा म्हणून मला यात काही चूक वाटत नाही. त्याच कायद्यात कलम ८ आहे, त्यात म्हटलंय की जात सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्याची. तत्त्व म्हणून हेही बरोबर आहे. पण ज्याच्याकडे कागद आहेत त्याला हे सोपं आणि ज्याचा आजा शाळेची पायरी चढला नाही त्याला हे डोंगराएवढं, हे कायदा लिहिताना कुणाच्या ध्यानात आलं असेल असं वाटत नाही.

कागद म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक प्रवर्गाची एक मानीव तारीख असते, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला तुमचं कुटुंब कुठे राहत होतं ते बघतात आणि पुरावाही शक्यतो त्या तारखेच्या आधीचा मागतात, त्यातही स्वातंत्र्याआधीची नोंद असेल तर तिला सगळ्यात जास्त वजन. आता १९४७ च्या आधी सह्याद्रीच्या कडेला राब भाजून भात-नागली लावणाऱ्या माणसाची नोंद कुठे असणार? तीन-चार ठिकाणी असू शकते. शाळेचं जनरल रजिस्टर, जर तो शाळेत गेला असेल तर. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, ज्यात जन्ममृत्यू लिहायचे आणि जातीचा रकाना असायचा. जमिनीचे जुने हक्काचे कागद, जर जमीन नावावर असेल तर आणि त्यावर जात लिहिली असेल तर. बस.

दादाच्या वेळेला आजोबांची शाळेची नोंद सापडली होती, ती मी स्वतः बघितलेली आहे. जिल्हा परिषदेची कौलारू शाळा, पण रजिस्टर जपून ठेवलेलं, लाल कापडात बांधून लोखंडी पेटीत. मोठी आडवी पानं, कडा पिवळ्या पडून तुटायला आलेल्या, निळ्या-काळ्या दौतीच्या शाईनं लिहिलेलं, अक्षर इतकं सुंदर की बघत राहावं. अनुक्रमांक, मुलाचं नाव, जात, जन्मगाव, दाखल तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. आजोबांच्या नावापुढे नुसतं कोळी लिहिलेलं. सोडण्याच्या कारणात लिहिलेलं, गुरे राखणे. त्याच पानावर खाली त्यांच्या चुलतभावाचं नाव, काही वर्षांनी दाखल झालेला, अक्षर वेगळं, गुरुजी बदललेले, आणि जातीच्या रकान्यात म. कोळी. एकाच आज्याची दोन नातवंडं, एकाच घरातली, एकाच चुलीवर जेवणारी. नव्या गुरुजीनं नीट विचारून लिहिलं आणि जुन्यानं लिहिलं नाही, एवढाच फरक, पण कागदावर एक आदिवासी आणि एक नाही. दादाच्या वेळच्या समितीनं वंशावळ बघितली, चुलत आजोबांची नोंद ग्राह्य धरली, गावात चौकशी केली आणि प्रश्न मिटवला.

इथे दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. रजिस्टरमधल्या एका शब्दाला एवढं महत्त्व आल्यामुळे रजिस्टरवर हात मारायचे प्रकारही खूप झाले. कोळीच्या आधी वेगळ्या शाईत महादेव घुसवलेलं, खाडाखोड केलेली, मुख्याध्यापकाला हाताशी धरून नवीन पान लावलेलं, असले प्रकार हायकोर्टाच्या निकालांमधे वाचायला मिळतात. त्यामुळे दक्षता पथकवाले भिंग घेऊन बघतात यात त्यांचा दोष नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की एकदा भिंग घेऊन बघून झालंय, बापाची खात्री पटलीये, तर लेकीच्या वेळेला तेच पान परत कशाला बघायचं?

पुतणीच्या वेळचं आता. फाईल टाकली, काही महिने काहीच नाही, मग ऑनलाईन स्टेटसला त्रुटी आली, आजोबांचा पुरावा जोडा. जोडलेला होताच, परत जोडला. मग समितीनं केस दक्षता पथकाकडे दिली. एक दिवस दुपारी दोघं जण घरी आले, त्यातले एक पोलिस खात्यातले. साहेब बोलायला चांगले होते, ते मुद्दाम सांगतो, आवाज चढवला नाही की काही मागितलं नाही. पण चाळीत पोलिस आले म्हटल्यावर काय होतं ते सांगायला नको, गॅलरीत सगळे उभे, शेजारच्या काकू दोनदा साखर मागायच्या निमित्तानं येऊन गेल्या, आणि पोरगी आतल्या खोलीत रडतेय की काका, मी काय केलंय.

छापील प्रश्नावली होती. कुलदैवत कोणतं, देवक कोणतं, लग्न कोण लावतं, मयत पुरतात की जाळतात, सण कोणते, नाच कोणते, पारंपरिक धंदा काय. दादा देत होता उत्तरं, पण मधेच आई बोलायला लागली आणि मग ती थांबेना. कळसूआईचं सांगितलं, धान्याच्या देवीचं, कणसरीचं सांगितलं, बोहाड्यात मुखवटे घालून काढतात ती सोंगं सांगितली, आणि वाघबारस. दिवाळीच्या वसुबारसेला शहरात गाय-वासराची पूजा करतात, आमच्याकडे त्या दिवशी वाघोबाची असते, गावच्या शिवेवर त्याचा दगड असतो, गुराखी पोरं घरोघर जाऊन दूध-तांदूळ गोळा करतात, तिथेच खीर शिजते, आणि वाघाला सांगायचं की वर्षभर आमच्या गुरांना हात लावू नको. आई हे सांगताना पोरं कशी ओरडायची त्याचा आवाज पण काढून दाखवला, मला पण काही गोष्टी पहिल्यांदा कळल्या. साहेबांनी ऐकलं सगळं आणि लिहिलं, वाघबारस साजरी करतात. एका ओळीचीच जागा होती कागदावर, ते तरी काय करणार.

मग समितीसमोर सुनावणी. तिथे पोरीला विचारलं, कांबड नाच कधी करतात. ती म्हणाली, माहिती नाही. वाघबारसेला काय करतात, तिनं आजीचं ऐकलेलं अर्धवट सांगितलं. अठरा वर्षांची पोरगी, जन्म भोसरीतला, गावाला जाते ती दिवाळीत आणि मे महिन्यात, आजोबा राब भाजायचे पण ही कधी खाचरात उतरलेली नाही. तिला नाचाबद्दल विचारून काय सिद्ध होणार? बाहेर आल्यावर ती दादाला म्हणाली, पप्पा मी पाठ करून यायला पाहिजे होतं. मला या वाक्याचा फार त्रास झाला. कारण पाठ करून येणारे येतातच, ज्यांचा जमातीशी संबंध नाही ते पुस्तकं वाचून, क्लास लावल्यासारखं तयार होऊन येतात, आणि खऱ्या घरातली शहरात वाढलेली पोरं मान खाली घालून बसतात.

हे मी एकटा म्हणत नाहीये, सुप्रीम कोर्टानंच म्हटलेलं आहे. २०११ मधे हलबी जमातीच्या दाव्याच्या एका केसमधे कोर्ट म्हणालं की काही दशकांपूर्वी जमाती वेगळ्या राहायच्या तेव्हा अशा चाचणीला अर्थ होता, आता स्थलांतर झालं, शिक्षण झालं, इतर समाजांशी संपर्क आला, त्यामुळे जुन्या खुणा जुळत नाहीत म्हणून दावा फेटाळता येणार नाही, ॲफिनिटी टेस्ट ही लिटमस टेस्ट नाही. पुढे वेगवेगळ्या बेंचचे वेगवेगळे निकाल येत राहिले म्हणून विषय तीन न्यायाधीशांकडे गेला, आणि २४ मार्च २०२३ ला निकाल आला, महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीची केस. ती ठाकूर जमातीची असली तरी माझ्या मते प्रत्येक आदिवासी घरात या निकालाची प्रिंट असायला पाहिजे. त्यात साधारण तीन गोष्टी स्पष्ट केल्यात. एक, प्रत्येक केस दक्षता पथकाकडे पाठवायची गरज नाही, आधी कागद बघा, कागदांवर समाधान झालं तर तिथेच व्हॅलिडिटी द्या, नाही झालं तरच चौकशी. दोन, ॲफिनिटी टेस्टवर एकट्यावर निर्णय अवलंबून नसतो, प्रत्येक केसला ती आवश्यक पण नाही. आणि तीन, वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या माणसाला रीतसर चौकशी होऊन व्हॅलिडिटी मिळालेली असेल आणि नातं सिद्ध होत असेल तर ती व्हॅलिडिटी नुसती बाजूला सारता येत नाही. चौकशीच न करता दिलेली असेल किंवा फसवून घेतलेली असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते वेगळं ठेवलंय तेही बरोबरच केलंय. मुंबई हायकोर्टानं तर रक्तनात्याचं हे तत्त्व २०१० मधेच सांगितलं होतं, अपूर्वा निचळे केसमधे.

म्हणजे कायदा आमच्या बाजूनं स्पष्ट होता. दादाच्या फाईलला दक्षता अहवाल होता, नातं बाप-लेकीचं, यापेक्षा जवळचं कुठलं आणायचं? आमच्या वकिलांनी तो निकाल लेखी म्हणण्याला जोडला, तेव्हा कुठे फाईल हलली आणि व्हॅलिडिटी आली. ॲडमिशनची मुदत सरकारनं त्या वर्षी वाढवली होती म्हणून सीट वाचली. मुदत वाढली नसती तर समितीच्या निर्णयावर साधं अपीलसुद्धा नाही, थेट हायकोर्टात रिट टाकायची असते, त्याची फी, वकील, तारखा. भोसरीत राहणाऱ्या पगारदार माणसाला ते कसंबसं जमतं.

चुलतभावाच्या मुलाला नाही जमलं. तो गावालाच असतो, वडील लवकर गेले, आई मजुरीला जाते. माझ्या दादाचे आणि त्याच्या वडिलांचे पणजोबा एक, म्हणजे रक्तनातं आहे, पण वंशावळ दाखवायला मधल्या माणसांचे कागद पाहिजेत आणि त्याचा आजा शाळेतच गेला नव्हता. कोतवाल बुक काढायला तहसीलला गेला, नकलेचा अर्ज दिला, परत या म्हणाले, परत गेला, त्या गावाच्या त्या वर्षांच्या पानांना वाळवी लागलीये म्हणाले, फाटलेला भाग आहे असं लिहून मिळालं. ते लिहिलेलं जोडून त्यानं अर्ज केला, त्रुटी लागली. तोपर्यंत नर्सिंगचा राऊंड होऊन गेला. ओपनच्या मेरिटमधे त्याचा नंबर लागत नव्हता आणि खाजगी कॉलेजची फी परवडण्यातली नव्हती. आता तो राजूरला बीएला जातो आणि सुट्टीत हॉटेलात काम करतो. कुणी त्याला खोटा म्हटलेलं नाही, त्याचा दावा फेटाळलेलाही नाही, तो फक्त प्रलंबित आहे. खोटा दावेदार केस लांबवून डॉक्टर होतो म्हणून ही यंत्रणा कडक केली, आणि आता केस लांबली की खऱ्याचंच नुकसान होतं, कारण खोट्याकडे पैसा आणि वकील असतो.

पैसा आणि वकील असला की काय होतं ते अमरावतीच्या माजी खासदारांच्या केसमधे सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. नवनीत राणांचा मोची या अनुसूचित जातीचा दाखला हायकोर्टानं जून २०२१ मधे रद्द केला, दोन लाखांचा दंडही केला, आणि एप्रिल २०२४ मधे सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाचा निकाल फिरवून दाखला वैध ठरवणारा समितीचा निर्णय कायम ठेवला. निकाल योग्य की अयोग्य त्यात मी जात नाही, पण तीन वर्षं दिल्लीपर्यंत लढता येणं आणि तोवर पदावर असणं हे किती जणांना शक्य आहे?

नोकरीवाल्यांचं प्रकरण तर अजून मोठं. २००० साली मिलिंद केसमधे घटनापीठानं सांगितलं की राष्ट्रपतींच्या यादीत जो शब्द आहे तो आहे तसा वाचायचा, कोर्टानं किंवा समितीनं त्यात पोटजात घुसवायची नाही, बदल करायचा तर तो संसदच करणार. म्हणून हलबा कोष्टी हे हलबा धरता येत नाहीत. पण ज्यांच्या ॲडमिशन आणि नेमणुका तोवर पक्क्या झालेल्या होत्या त्यांना कोर्टानं हात लावला नाही. मग त्या संरक्षणाचा आधार घेत वर्षानुवर्षं लोक नोकरीत राहिले. जुलै २०१७ मधे सुप्रीम कोर्टानं बहिरा केसमधे दार बंद केलं, दावा अवैध ठरला तर लाभ जाणार, तुम्ही मुद्दाम खोटं बोललात की नाही हा प्रश्नच नाही. आमच्या भागात त्या दिवशी पेढे वाटले होते. आणि मग २१ डिसेंबर २०१९ चा जीआर आला, की अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांच्या वर जादा काढलेल्या पदांवर अकरा महिन्यांच्या नेमणुका द्या. म्हणजे जागा रिकामी झाली म्हणायची, पण माणूस ऑफिसातच. रिकाम्या झालेल्या जागांवर खऱ्या आदिवासींची विशेष भरती करायची होती, साडेबारा हजार पदं हा आकडा मोर्चात ऐकून ऐकून पाठ झालाय, भरती मात्र तुकड्या-तुकड्यानं. आमची कितीतरी पोरं या भरतीची वाट बघता बघता वयाच्या अटीत बाद झाली.

एक मात्र मनापासून वाटतं, जे यादीत नाहीत पण ज्यांना आपण आदिवासीच आहोत असं खरंच वाटतं त्या सगळ्यांना बोगस म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. गोवारी समाजाचं बघा. २३ नोव्हेंबर १९९४, नागपूरला विधानभवनावर मोर्चा, चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, बायका आणि लहान मुलं जास्त. त्यांचं म्हणणं काय तर यादीत गोंड गोवारी असं लिहिलंय ते आम्हीच. २०१८ मधे नागपूर खंडपीठानं ते मान्य केलं, लोकांनी शहीद स्मारकावर जाऊन दिवे लावले, आणि डिसेंबर २०२० मधे सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला. कायद्यानं बघितलं तर मिलिंद केसचाच नियम लागला. पण ज्या घरातला माणूस त्या मोर्चात गेला त्यांना हे कोण समजावणार? हा वाद समित्यांनी सोडवायचा नाहीच, तो संसदेत नीट अभ्यास करून मिटवायचा आहे आणि तिथे कुणी हात घालत नाही, म्हणून एकेक विद्यार्थी आपापली फाईल घेऊन कोर्टात उभा असतो.

तालुक्यांच्या हद्दीचा घोळ पण तसाच होता. १९७६ च्या दुरुस्तीआधी कितीतरी जमाती ठराविक तालुक्यांपुरत्याच अनुसूचित होत्या, ठाकूर जमात नगर जिल्ह्यात फक्त अकोले, राहुरी, संगमनेरला. ओढा ओलांडून दुसऱ्या तालुक्यात राहायला गेलं की आदिवासीपण संपलं. संसदेनं ती अट काढली ते योग्यच केलं, पण त्यानंतर नावाचं साम्य असलेले दावे एकदम वाढले आणि तेव्हापासून मूळ पट्ट्याबाहेर राहणारा प्रत्येक जण संशयित झाला. खरं तर आता तुमचं गाव त्या जुन्या यादीतल्या तालुक्यात नाही एवढ्यावरून दावा नाकारता येत नाही.

आता २०२३ पासून मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा विषय सुरू झाल्यावर मात्र एक झालं, सरकारनं ठरवलं तर जुने कागद किती भराभर सापडतात ते दिसलं. न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधले, निजामाच्या काळातले दप्तर उघडले, जिल्ह्याजिल्ह्यात नोंदी स्कॅन करून वेबसाईटवर टाकल्या. त्या आरक्षणाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो, पण हेच काम अकोले, जुन्नर, आंबेगाव, जव्हार, मोखाडा, सुरगाणा, धडगाव, भामरागडच्या कोतवाल बुकांचं का होत नाही? वाळवीनं उरलेली पानं खाल्ल्यावर करणार का? तहसीलमधलं गाव नमुना १४ आणि जुन्या शाळांची रजिस्टरं एकदा स्कॅन झाली तर दोन्ही कामं होतील, खऱ्याला नक्कल मिळेल आणि नंतर कुणाला वेगळ्या शाईत शब्द घुसवता येणार नाही.

आणि दुसरं, घराची पडताळणी एकदा करा. नीट करा, पाहिजे तेवढी कडक करा, पोलिस पाठवा, रजिस्टर तपासा, पण एकदा झाली की ती वंशावळ समितीच्या कॉम्प्युटरमधे ठेवा आणि त्या वंशावळीतलं पुढचं पोर आलं की फक्त नातं तपासून प्रमाणपत्र द्या. एका व्हॅलिडिटीत फसवणूक सापडली तर त्या वंशावळीतल्या सगळ्यांच्या रद्द करा, आम्हीच पहिले टाळ्या वाजवू. समित्यांकडे फाईलींचे ढीग आहेत, माणसं कमी आहेत, मग ज्याची खात्री झालीये त्याची परत चौकशी करण्यात तीच माणसं आणि तेच महिने का घालवायचे? तो वेळ संशयास्पद फाईलींना द्या ना.

आमच्या लोकांना पण सांगायचंय, बारावीच्या निकालापर्यंत थांबू नका. मुलगा अकरावीला सायन्सला गेला की लगेच अर्ज टाका. घरात ज्या कुणाला व्हॅलिडिटी मिळालीये त्याच्या फाईलमधला दक्षता अहवाल माहिती अधिकारात मागून घ्या, नुसतं प्रमाणपत्र जोडून भागत नाही, चौकशी झाली होती हे दाखवता आलं पाहिजे. वंशावळ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आत्ताच लिहून काढा, ती माणसं गेली की मधली नावं जातात. शाळेच्या दाखल्यावर नातवंडांची जात लिहिताना पूर्ण लिहा, महादेव कोळी, नुसतं कोळी नको.

चुलतभावाच्या मुलाची फाईल आता मीच बघतोय. आमच्या वकिलांचं म्हणणं आहे की कोतवाल बुकाचं पान फाटलंय असं लेखी असेल आणि चुलत आजोबांची म. कोळी अशी नोंद असेल तर दादाच्या दक्षता अहवालासकट सगळं एकत्र मांडता येतं, मधल्या माणसांसाठी गावातल्या दोन जुन्या माणसांची शपथपत्रं करून घ्यायचीत, त्यासाठी या रविवारी गावाला जातोय. कुणाकडे अशी केस झालेली असेल, मधल्या पिढीचा कागद नसताना वंशावळ मान्य झालेली, तर कमेंटमधे निकालाचा नंबर तेवढा टाका.